मिठाची बादली

मी समुद्र पाह्यला नाही.
हे आधीच सांगून टाकतो, मागून भांडण नको.
हिंगण्याच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं साचे भरले,
रविवारी गोरेवाड्याच्या काठावर गळ टाकून बसलो,
एवढंच माझं पाण्याचं शिक्षण.

पोरगी मात्र बदली होऊन रत्नागिरीला गेली
आणि कुणा बशीरचाचाच्या होडीत बसून
तळाची मासेमारी शिकली.
तिचा फोन : "बाबा, इथल्या रबरी मासोळ्या
दोन फेऱ्यांत फाटतात. तुम्ही ओतून द्याल?"

द्याल म्हणजे काय. ओतणं मला येतं.
प्लास्टरचा साचा, दुधाचं जुनं पातेलं,
त्यात विरघळणारं मऊ प्लास्टिक, खिडक्या सताड.
(बिंदू म्हणाली, हे पातेलं आता तुमचंच.)
पण खाऱ्या पाण्यात ते बुडेल कसं, हलेल कसं?

म्हणून मोरीत बादली मांडली.
वीस लिटरला सातशे ग्रॅम, पोरीनं हिशेब दिला.
इतवारीत जाडं मीठ मागितलं तर दुकानदार म्हणे,
"कैरीचं लोणचं काय जी?"
म्हटलं, "नाही, समुद्र."
त्यानं शांतपणे पुडी बांधली.
मे महिन्यात नागपुरात
माणसं एकमेकांचं बोलणं मनावर घेत नाहीत.

बादली खारी, पण हातभर खोल.
महालातली आतेभावाची विहीर खोल, पण गोडी.
खारं एकीकडे, खोल दुसरीकडे,
बेरीज मी डोक्यातच केली.
विहिरीत शिशाचं डोकं लावून सोडलं :
दहा ग्रॅमचं वाटेतच रेंगाळलं,
वीसचं सरळ गेलं,
चाळीसचं असं गेलं की शेपटीला हलायला वेळच नाही.
तिथे ओढ असते म्हणे पाण्याला. विहिरीला ओढ नसते.
म्हणून तीस लिहिलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मग पार्सलात चिठ्ठी घातली.
यमू, गढूळ पाणी असेल तर काळी-जांभळी,
नितळ असेल तर फिकी.
गुलाबी का चालते ते मला ठाऊक नाही,
चाचांना विचार, त्यांनाही ठाऊक नसेल.
रुंद शेपटी संथ ओढीला,
वळलेली शेपटी नुसती उतरतानाही नाचते.
तळ बोटाला कळतो : टक् म्हणजे खडक, थप् म्हणजे गाळ.
टेकलं की उचल, हातभर, आणि परत सोड,
पण सोडताना दोरी ढिली पडू देऊ नको बे,
मासा उतरत्या घासालाच तोंड लावतो.
गुलाबी आणि हिरवी एका डबीत ठेवू नको.
मी ठेवली होती, उन्हात. आता ती एकच मासोळी आहे,
रंग कुठला ते कुणी सांगू शकत नाही.
घरी आल्यावर गळ गोड्या पाण्यात धू.
गंज रात्रीतून चढतो म्हणे. इथे वर्ष लागतं.

तीन आठवडे काही नाही.
फोनवर ऑफिस, भाडं, डाळ महाग.
मी विचारलं नाही. विचारायला लागलो
की ती खोटं बोलायला लागते.

मग एक पाकीट आलं, आत कागदात गुंडाळलेली माझीच एक मासोळी,
फिकी, तीस ग्रॅमची,
शेपटी नाही.
जिथे शेपटी होती तिथे दातांची बारीक रांग,
आणि अक्षर तिचं, घाईतलं :
"हेकरू. चौदा वाव. सुटला. बाबा, शेपूट जाड करा."

बिंदू म्हणाली, यात एवढं काय आहे पाहायला.
मी बादलीत सोडली ती. मीठ तळाशी बसलं होतं.
वाकडी होऊन गेली, एका अंगावर,
आणि बुडाला लागली.

टक्.

पातेलं परत गॅसवर ठेवलं.